नीतीचे इंग्रजी वाक्य आणि मराठीतले ‘पाहिजे’

इंग्रजी भाषेतील नीतिशास्त्राचा ग्रंथ वाचणारा मराठी वाचक मोठ्या शब्दापाशी क्वचितच अडतो. मोठा शब्द अनोळखी असतो. म्हणून तो शब्दकोशात पाहिला जातो आणि प्रश्न तेथेच मिटतो. अडचण उभी राहते ती लहान, रोजच्या ओळखीच्या शब्दांपाशी. ‘गुड’, ‘राइट’, ‘ड्यूटी’, ‘इंटरेस्ट’ हे शब्द शाळकरी मुलालाही ठाऊक असतात. ते शब्दकोशात कोणी पाहत नाही, आणि नेमके तेच नीतिग्रंथात निराळ्या अर्थाने उभे असतात. ओळखीच्या नावावर विसंबून माल पाठवावा आणि घेणारा त्याच नावाचा दुसराच कोणी निघावा, तशी वाचकाची गत होते.

अकोल्यासारख्या व्यापारी शहरात हा प्रश्न आता घरापर्यंत येऊन पोहोचला आहे. २०१३ सालापासून केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत नीतिशास्त्राची २५० गुणांची स्वतंत्र प्रश्नपत्रिका असते. तिच्या तयारीची बरीचशी पुस्तके इंग्रजीत आहेत. ज्या घरात कापसाची आडत किंवा कापडाचे दुकान पिढ्यान्‌पिढ्या चालले, त्याच घरातील मुलगा वा मुलगी आज रात्री बारापर्यंत बेंथम, मिल, कांट यांची मते पाठ करीत बसते. शेजारच्या खोलीत ज्या आजोबांनी आयुष्यभर शब्दावर लाखोंचे सौदे केले, त्यांना त्या पुस्तकातील एक ओळही वाचता येत नाही. नातीजवळ शब्द आहेत, आजोबांजवळ अनुभव आहे. आणि एकाच नोटेचे दोन तुकडे दोन खिशांत असावेत तसे ते दोघे एकमेकांपासून दूर आहेत. नात समजते की नीती ही इंग्रजी पुस्तकातील गोष्ट आहे. आजोबा समजतात की त्या पुस्तकात आपल्या कामाचे काही नाही. दोघांचीही समजूत चुकीची आहे, आणि ती चूक घराला महाग पडणारी आहे.

ही अडचण अकोल्याला नवी नाही. गोपाळ गणेश आगरकर यांचा जन्म १८५६ साली कऱ्हाडजवळच्या टेंभू या गावी झाला. घरी अठराविश्वे दारिद्र्य. शिक्षणासाठी गाव सोडावे लागले आणि नातेवाइकांच्या आश्रयाने ते अकोल्यास आले. १८७५ साली ते येथून मॅट्रिक झाले आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेले. अकोल्यात त्यांना विष्णु मोरेश्वर महाजनी यांच्यासारखे शिक्षक लाभले. इंग्रजी वाङ्मय मराठीत आणून बसविण्याची हौस गुरुशिष्य दोघांनाही होती. शेक्सपिअरच्या ‘सिंबेलाइन’चे ‘तारा’ हे मराठी रूप महाजनींचे, आणि ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ हे आगरकरांचे.

त्या काळचे अकोले झपाट्याने बदलत होते. १८६७ साली रेल्वे अकोल्यावरून नागपूरपर्यंत गेली होती. वऱ्हाडचा कापूस मुंबईमार्गे विलायतेस जात होता, आणि त्याच वाटेने इंग्रजी शब्द, इंग्रजी करारपत्रे आणि इंग्रजी पुस्तके इकडे येत होती. आगरकरांच्या मनावर ज्यांचा खोल ठसा उमटला त्या ग्रंथकारांत जॉन स्टुअर्ट मिल आणि हर्बर्ट स्पेन्सर हे दोघे प्रमुख होते. मिल हे नाव ऐकताच अकोल्याच्या व्यापाऱ्याला प्रथम गिरणीच आठवेल. परंतु या मिलचा वऱ्हाडशी अगदीच संबंध नव्हता असे नाही. १८२३ ते १८५८ अशी पस्तीस वर्षे तो ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडन येथील कचेरीत नोकरीस होता, आणि त्यांतील बराच काळ हिंदी संस्थानांविषयीच्या पत्रव्यवहाराचे मसुदे करण्याचे काम त्याच्याकडे होते. १८५३ साली निजामाने वऱ्हाड कंपनीच्या हवाली केले, तेव्हाही मिल त्याच कचेरीत होता. ज्याने इतकी वर्षे सरकारी मसुदे लिहिले, त्याच्या ग्रंथांतील वाक्यांत ‘परंतु’, ‘अन्यथा’, ‘जेवढ्या प्रमाणात’, ‘अमुक खेरीज करून’ अशा अटी एकामागून एक याव्यात, यात नवल नाही. शब्द साधे आणि वाक्य अटींनी भरलेले, अशी ती लेखनशैली आहे. म्हणून ती वाचण्यासाठी दोन कामे करावी लागतात. पहिले, साध्या शब्दांचा त्या जागेपुरता अर्थ ठरविणे. दुसरे, वाक्य सोडवून पाहणे.

शब्दांपासून आरंभ करावा. ‘इंटरेस्ट’ म्हणजे व्याज, हे पेढीवर कोणीही सांगेल. त्याच शब्दाचा अर्थ आवड असाही होतो, धंद्यातील हिस्सा असाही होतो, आणि नीतिग्रंथात तो बहुधा ‘हित’ या अर्थाने येतो. त्यापासून झालेला ‘डिसइंटरेस्टेड’ हा शब्द तर अनेकांना चकवतो. तो वाचताच ‘आवड नसलेला’, ‘बेफिकीर’ असा अर्थ मनात येतो. पण नीतिग्रंथात त्याचा अर्थ ‘ज्याचे स्वतःचे हित त्यात गुंतलेले नाही असा’, म्हणजे निःस्वार्थी किंवा निःपक्षपाती, असा असतो. दोन भावांच्या वाटणीत पंच बसवायचा तर तो याच अर्थाने ‘डिसइंटरेस्टेड’ हवा. वाटणीची फिकीरच नसलेला पंच कोणाच्या कामाचा? मराठीतील ‘उदासीन’ या शब्दाचीही तीच कथा आहे. आज तो शब्द खिन्न किंवा बेपर्वा माणसाला लावतात. जुन्या शास्त्रग्रंथांत मात्र कोणत्याही पक्षाकडे न झुकणारा, तटस्थ, असा त्याचा गौरवाचा अर्थ आहे. जो वाचक ‘उदासीन’चे दोन अर्थ जाणतो, त्याला ‘डिसइंटरेस्टेड’ कठीण जाण्याचे कारण नाही.

‘ड्यूटी’ या शब्दाने कर्तव्यही कळते आणि जकातही कळते. हे दोन अर्थ योगायोगाने एकत्र आलेले नाहीत. त्या शब्दाच्या मुळाशी ‘ड्यू’ म्हणजे ‘देय’ ही कल्पना आहे. त्याहून बोलका शब्द म्हणजे ‘ऑट’. नीतिशास्त्राचा सारा डोलारा ज्या शब्दावर उभा आहे, तो हा शब्द इंग्रजीत ‘देणे लागणे’ या अर्थाच्या ‘ओ’ या क्रियापदाचे जुने भूतकाळी रूप आहे. अभ्यासाला बसलेल्या एखाद्या नातीने हे आजोबांना सांगितले, तर त्यांच्यातला संवाद काहीसा असा होईल.

“आजोबा, ‘ऑट’ म्हणजे मुळात ‘देणे लागतो’ असे या पुस्तकात लिहिले आहे. तुम्हांला हे पटते?”

“त्यात न पटण्यासारखे काय आहे, बेटा? खात्यावर ज्याचे देणे निघते, त्याचे द्यायचे. तो मागायला आला नाही म्हणून देणे फिटत नाही.”

आजोबांचे हे शेवटचे वाक्य नीतिशास्त्रातील एका मोठ्या भेदाला हात घालते. कायद्याने लागू होणारे कर्तव्य वेगळे आणि नीतीने लागू होणारे कर्तव्य वेगळे, हा तो भेद. इंग्रजी ग्रंथांत त्यावर प्रकरणेच्या प्रकरणे आहेत. व्यापाऱ्याला तो मुदतीच्या कायद्यातून कळलेला असतो. साध्या उधारीची मुदत सामान्यतः तीन वर्षांची. ती टळली की न्यायालयात दावा चालत नाही. पण देणे बुडाले काय? १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या २५ व्या कलमाने यावर मोठे मार्मिक उत्तर देऊन ठेवले आहे. मुदतबाह्य कर्ज फेडण्याचे वचन ऋणकोने लेखी, सहीनिशी दिले, तर त्या वचनासाठी नव्याने काही मोबदला मिळालेला नसतानाही ते बंधनकारक ठरते. म्हणजे दाव्याचा दरवाजा बंद झाला तरी देण्याची जाणीव मेलेली नसते, हे कायद्यानेही गृहीत धरले आहे. जुनी देणी मुदतीनंतरही फेडणाऱ्या पेढ्यांच्या कथा ज्या घरांत सांगितल्या जातात, तेथील मुलांना ‘ऑट’चा अर्थ पाठ करावा लागू नये.

शब्द ठरले की दुसरे काम वाक्य सोडविण्याचे. येथे आगरकरांचे एक पुस्तक आठवते. समाजसुधारक म्हणून त्यांची कीर्ती मोठी, त्यामुळे ते पुस्तक मागे पडले. १८८८ साली त्यांनी ‘सुधारक’ हे पत्र सुरू केले; त्याच सुमारास त्यांचे ‘वाक्यमीमांसा’ हे व्याकरणावरील पुस्तकही निघाले. प्रधान वाक्य कोणते, गौण वाक्य कोणते, कर्ता कोण, क्रियापद कोणते, अट कोठे आहे, हे वेगवेगळे करून पाहण्याची जी रीत पुढे शाळेत ‘वाक्यपृथक्करण’ म्हणून सर्वांना परिचित झाली, तिचा विचार त्यांनी मराठीसाठी केला. रूढीवर कठोर प्रश्न विचारणारा आणि वाक्याचे अवयव सुटे करून दाखविणारा लेखक एकच होता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. कोणत्याही मताचा स्वीकार किंवा धिक्कार करण्यापूर्वी ते मत सांगणारे वाक्य नेमके काय म्हणते हे पाहणे, ही दोन्ही कामांतील समान शिस्त होती.

व्यापारी घराण्यांना ही शिस्त दुसऱ्या नावाने ठाऊक होती. जुन्या काळी हुंडी हातात पडली की अनुभवी मुनीम ती सुंदर अक्षरासाठी वाचीत नसे. लिहिणारा कोण, कोणावर लिहिली, रक्कम किती, ती कोणाला द्यायची आणि केव्हा द्यायची, एवढे तो प्रथम शोधी. दर्शनी असेल तर दाखविताच पैसे. मुदती असेल तर मुदत भरल्यावर. धनीजोग असेल तर तिच्या धन्याला. शाहजोग असेल तर बाजारात पत असलेल्या शाहालाच. एका शब्दाची चूक झाली तर रक्कम भलत्याच्या हाती जाई. नीतिग्रंथातील वाक्यही असेच वाचावयाचे असते. कोणी, कोणासाठी, काय करावे, कोणत्या अटीवर, आणि अट मोडली तर काय, हे पाच प्रश्न विचारले की बहुतेक वाक्ये आपला अर्थ देऊन टाकतात.

उदाहरणादाखल त्या शैलीतील एक वाक्य शब्दशः मराठीत आणून पाहावे: ‘दोष देता येणार नाही त्या माणसाला, जो जाणत नव्हता ती हानी जी त्याच्या कृत्याने घडली, जोवर ते न जाणणे स्वतःच त्याच्या अशा उपेक्षेचे फळ नाही, जी टाळणे त्याच्या हाती होते.’ हे वाक्य कठीण वाटते, कारण इंग्रजीत मुख्य विधान आधी येते आणि अटी शेपटीसारख्या मागून येत राहतात. मराठीचा स्वभाव उलट आहे. ‘जर’ आधी, ‘तर’ नंतर; ‘जो’ आधी, ‘तो’ नंतर; आणि क्रियापद बहुधा शेवटी. म्हणून अटी उचलून पुढे आणाव्यात आणि एका वाक्याची तीन करावीत. हानी होईल हे माणसाला ठाऊक नव्हते. ठाऊक नसेल तर सहसा त्याला दोष देत नाहीत. पण चौकशी करणे त्याच्या हाती असून त्याने ती केली नसेल, तर ‘मला ठाऊक नव्हते’ ही सबब चालत नाही. भेसळीचे तेल आपण केले नाही, आपण फक्त विकले, असे म्हणणाऱ्या दुकानदाराला हे तिसरे वाक्य लागू पडते. कठीण वाटलेल्या वाक्यात रोजच्या बाजारातील प्रश्नच दडलेला होता.

हा प्रश्न कायद्यालाही सुटा ठेवता आलेला नाही. ‘गुड फेथ’ हा इंग्रजी शब्दप्रयोग करारपत्रांत नेहमी येतो. त्याचा अर्थ ‘चांगली श्रद्धा’ असा नसून ‘सद्भाव’ किंवा ‘प्रामाणिक हेतू’ असा आहे. १८६० च्या भारतीय दंडसंहितेने सांगितले होते की, योग्य काळजी व लक्ष न देता केलेली गोष्ट सद्भावाने केलेली म्हणता येणार नाही. १८९७ च्या साधारण परिभाषा कायद्याने मात्र म्हटले की, गोष्ट प्रामाणिकपणे केली असेल तर ती निष्काळजीपणे केलेली असो वा नसो, सद्भावानेच केलेली समजावी. शब्द एक आणि मापे दोन. एका मापाने केवळ हेतू मोजला जातो; दुसऱ्याने हेतूबरोबर सावधपणाही मोजला जातो. जैन घरांतील वाचकाला हा भेद परका वाटणार नाही, कारण तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करतानाच प्रमादाचा विचार केलेला आहे. ‘मारण्याची इच्छा नव्हती’ एवढ्याने जेथे भागत नाही, पाहून पाऊल टाकावे लागते, त्या परंपरेत वाढलेल्या माणसाला निष्काळजी प्रामाणिकपणा पुरेसा का नाही हे समजावून सांगावे लागत नाही. इंग्रजी पुस्तकात त्या विचाराचे नाव वेगळे आहे, एवढेच.

आता या विषयातील सर्वांत प्रसिद्ध कोडे. मिलचा उपयुक्ततावादावरील निबंध १८६१ साली नियतकालिकातून आणि १८६३ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. त्यातील चौथ्या प्रकरणात त्याने असा युक्तिवाद केला की, एखादी वस्तू ‘व्हिजिबल’ म्हणजे दिसण्याजोगी आहे याचा पुरावा लोकांना ती दिसते हाच. त्याचप्रमाणे एखादी गोष्ट ‘डिझायरेबल’ आहे याचा पुरावा लोक तिची इच्छा करतात हाच. सर्वांना सुखाची इच्छा असते, म्हणून सुख ‘डिझायरेबल’ आहे. १९०३ साली जी. ई. मूर या तत्त्वज्ञाने यावर बोट ठेवले. ‘व्हिजिबल’ म्हणजे दिसू शकणारे. पण ‘डिझायरेबल’ म्हणजे इच्छिले जाऊ शकणारे नव्हे, तर इच्छा करण्यास योग्य असलेले. प्रत्यय सारखा दिसला म्हणून अर्थ सारखा होत नाही. मिलच्या बाजूनेही पुढे अनेकांनी लिहिले. तो सिद्धता देत नव्हता, आपल्याजवळ असलेला एकमेव पुरावा कोणता एवढेच सांगत होता, असे त्यांचे म्हणणे. दीडशे वर्षे हा वाद चालू आहे.

मराठी भाषांतरकार येथे नकळत चूक करतो. ‘डिझायरेबल’साठी तो ‘वांछनीय’ असा शब्द योजतो. पण वंदनीय म्हणजे वंदन करण्यास योग्य, दर्शनीय म्हणजे पाहण्यास योग्य. तसेच ‘वांछनीय’ म्हणताच ‘इच्छा करण्यास योग्य’ असा अर्थ ठरून जातो, आणि मिलचे म्हणणे मांडण्यापूर्वीच मूर जिंकतो. संस्कृतात ‘दृश्य’ आणि ‘दर्शनीय’ हे दोन वेगळे शब्द आहेत. दिसते ते दृश्य. पाहावे असे असते ते दर्शनीय. इंग्रजी प्रत्ययाने जे एकत्र केले ते येथे आधीच वेगळे झालेले आहे.

आणि तरीही मिलचे कोडे मराठीला परके नाही. मराठीत ते सर्वांत साध्या शब्दात बसलेले आहे. ‘मला पाणी पाहिजे’ असे म्हटले की इच्छा व्यक्त होते. ‘खरे बोलले पाहिजे’ असे म्हटले की कर्तव्य व्यक्त होते. शब्द एकच: पाहिजे. ‘म्हणिजे’पासून जसे ‘म्हणजे’ झाले, तसेच ‘पाहिजे’ हे ‘पाहणे’ या क्रियापदाचे जुने कर्मणी रूप आहे. पाहणे, इच्छिणे आणि करणे भाग असणे, या तीनही गोष्टी त्या एका शब्दात एकत्र नांदतात. मिलच्या युक्तिवादातील तिन्ही पायऱ्या तेथे आहेत. मराठी माणूस दिवसातून शंभर वेळा हा शब्द उच्चारतो आणि दोन अर्थांची गल्लत करीत नाही; कारण वाक्याची घडण त्याला कोणता अर्थ घ्यावयाचा ते सांगते. ‘मला’ आणि वस्तू आली की ती मागणी. क्रिया आली की ते कर्तव्य.

बाजारात मात्र ही गल्लत होते, आणि ती जाणूनबुजून केली जाते. ‘गिऱ्हाइकाला पाहिजे म्हणून आम्ही ठेवतो’ हे वाक्य कोणत्याही पेठेत ऐकू येते. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, त्याआधी हेच वाक्य पानटपरीपासून घाऊक बाजारापर्यंत सर्वत्र ऐकू येत असे. मागणी होती, यात शंका नाही. पण मागणी आहे एवढ्यावरून ती वस्तू विकली पाहिजे असे ठरत नाही. पहिला ‘पाहिजे’ गिऱ्हाइकाचा, दुसरा विवेकाचा. मिल व मूर यांच्या वादाचे सारे पांडित्य बाजूला ठेवले, तरी हा एवढा भेद मुलाच्या हाती द्यावा, इतका तो मोलाचा आहे. दुकानाच्या गादीवर बसणाऱ्याला तो रोज लागतो.

‘युटिलिटी’ या शब्दाचेही असेच झाले. त्याचे मराठी ‘उपयुक्तता’ असे केले आणि वाचकाच्या मनात वस्तूच्या उपयोगाची कल्पना आली. मग असे वाटू लागले की, ज्याचा उपयोग नाही ते टाकून द्यावे, असे हे मत सांगते. घरातील वृद्ध माणूस, जो आता दुकानावर बसू शकत नाही, त्याची या मतात काय किंमत? प्रत्यक्षात मिलचे म्हणणे नेमके उलट आहे. त्याच्या लेखी ‘युटिलिटी’ म्हणजे सर्व संबंधितांचे सुख आणि दुःखाचे निवारण. हिशेबात प्रत्येक जण एक म्हणूनच धरावा, कोणीही एकापेक्षा अधिक धरू नये, असा नियम तो आपला पूर्वसूरी बेंथम याच्या नावे सांगतो. त्या खतावणीत अंथरुणाला खिळलेल्या आजीचे दुःख आणि कमावत्या मुलाचे दुःख एकाच वजनाने तोलले जाते. बेंथमने १७८९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तर हा हिशेब मनुष्यापाशी थांबविला नाही. प्राण्यांना विचार करता येतो का किंवा बोलता येते का हा प्रश्न नसून त्यांना वेदना होतात का हा प्रश्न आहे, असे त्याने मांडले. पांजरपोळासाठी दान देण्याची रीत ज्या घरांत आहे, तेथे हा विचार कोणाला तरी मोठ्याने वाचून दाखवावा, इतका जवळचा आहे. परंतु ‘उपयुक्तता’ या एका शब्दाच्या दारातच वाचक परत फिरला, तर आत काय आहे ते त्याला कधीच कळत नाही.

आगरकरांनी हा विचार मराठीत आणला, म्हणून तो लोकांना झोंबला. इंग्रजीत राहिलेल्या विचाराने कोणाची झोप उडत नाही. तो परीक्षेत लिहिता येतो आणि घरी येताना बाहेर ठेवता येतो. ‘सुधारक’मधील मराठी वाक्ये मात्र माजघरापर्यंत गेली. डेक्कन कॉलेजातील त्यांचे मित्र आणि पुढे मतभेदाने दूर गेलेले लोकमान्य टिळक यांनी मिल व त्याच्या पंथाशी वाद घातला, तोही मराठीतच. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेला आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेला ‘गीतारहस्य’ हा ग्रंथ पाहावा. त्यात ‘आधिभौतिक सुखवाद’ या नावाचे स्वतंत्र प्रकरणच आहे. एकाने मिलचा पुष्कळसा विचार स्वीकारला, दुसऱ्याने त्याची मर्यादा दाखविली. निष्कर्ष भिन्न होते. पण परके वाक्य आधी नीट वाचावयाचे, मग मराठीत स्वच्छ मांडावयाचे आणि त्यानंतर होय किंवा नाही म्हणावयाचे, ही रीत दोघांचीही होती. न समजता मान डोलावणे आणि न समजता नाक मुरडणे, हे दोन्ही त्यांनी टाळले.

आज या रीतीची गरज आणखी एका कारणाने वाढली आहे. जैन घरांतील अनेक मुले स्वतःच्या परंपरेचे ग्रंथही इंग्रजीतून वाचू लागली आहेत. हर्मन याकोबी या जर्मन पंडिताने आचारांग व कल्पसूत्र १८८४ साली आणि उत्तराध्ययन व सूत्रकृतांग १८९५ साली इंग्रजीत आणले, तेव्हापासून या शब्दांची एक इंग्रजी परिभाषा तयार होत गेली. त्या परिभाषेत ‘कषाय’ला ‘पॅशन’ म्हणतात. शाळेतील मार्गदर्शक मुलाला सांगतात, ‘तुझे पॅशन ओळख आणि त्यामागे जा.’ धर्मपुस्तक सांगते, ‘पॅशन जिंकावे.’ मुलाने कोणाचे ऐकावे? घोटाळा शब्दाचा आहे. त्या शब्दाचे मूळ लॅटिनमधील ‘सोसणे’ या अर्थाच्या क्रियापदात आहे. जुन्या इंग्रजी नीतिग्रंथांत मनाला आपल्या ताब्यात घेणाऱ्या भावना असा त्याचा अर्थ असतो, आणि आजच्या बोलीत तो ध्यास किंवा छंद या अर्थाने चालतो. क्रोध, मान, माया, लोभ जिंकावयाचे आहेत. चित्रकलेचा किंवा गणिताचा ध्यास सोडण्यास कोणी सांगितलेले नाही. तसेच सम्यक् दर्शन, सम्यक् ज्ञान आणि सम्यक् चारित्र्य यांच्या भाषांतरातील ‘राइट’ हा शब्द हक्काचा नव्हे. ‘सम्यक्’ म्हणजे यथार्थ, योग्य. हे कोणी सांगितले नाही, तर ‘राइट’ म्हणजे मिळवायची वस्तू असे समजून मूल पुढे जाते.

हे सांगण्यासाठी घरातील वडीलधाऱ्यांना इंग्रजी येण्याची आवश्यकता नाही. मुलाने वाक्य वाचावे, त्याचा साधा मराठी अर्थ लावून दाखवावा, आणि मोठ्यांनी विचारावे: येथे कोण कोणाचे काय देणे लागतो? कोणत्या अटीवर? या वाक्यातला ‘पाहिजे’ मागणीचा की कर्तव्याचा? या प्रश्नांना उत्तर मिळाले, तर वाक्य समजले. उत्तर मिळाले नाही, तर दोनच शक्यता उरतात. एक तर वाक्य अजून सुटलेले नाही, आणि ते पुन्हा सोडवावे. किंवा लेखकालाच स्वतःचे म्हणणे स्पष्ट नव्हते, आणि तसेही मोठ्या ग्रंथकारांच्या बाबतीत कधी कधी घडते. दोन्ही प्रसंगी भाषेपुढे दबून जाण्याचे कारण नाही.

रोजमेळाला न उतरलेला व्यवहार कितीही मोठा असला तरी पेढी तो पुरा झालेला मानत नाही. इंग्रजीतून वाचलेला नीतिविचारही मातृभाषेच्या वहीत उतरेपर्यंत अपुराच राहतो. तो उतरला की त्याची जमा-नावे दिसू लागते, कोणाचे किती देणे आहे ते कळते, आणि मग तो पाळावयाचा की नाकारावयाचा याचा निर्णय घरातील लहानमोठे सर्व जण मिळून करू शकतात.